दिसत नाही म्हणे

प्रिय दीक्षा,

त्या दिवशी सोनोग्राफी करून सासरी, गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये बसलीस ती ओढणीनं तोंड झाकूनच. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. पत्र तरी वाचशील म्हणून लिहितेय.

पडद्याआडून तो डॉक्टर केवढ्यानं ओरडला, "एवढी चरबी! मशीन तरी काय करणार?" बाहेर बाकावरच्या बाया फिदीफिदी हसल्या. आईच्या लठ्ठपणामुळे बाळाचं हृदय दिसलं नाही, असं लिहून त्यानं हातात कागद दिला, आणि तू मलाच म्हणालीस, "आत्या, माझंच चुकलं." काय चुकलं गं तुझं? पाचवा महिना सरतोय, बाळ लाथा मारतंय. बघायचं काम त्याचं होतं.

मी नांदेडला कॉन्व्हेंटमध्ये होते, तेव्हा नाताळच्या नाटकात सिस्टर मला दरवर्षी झाड करायच्या. देवदूताचे पंख माझ्या पाठीला पुरत नाहीत म्हणे. मोठे पंख शिवावेत, हे एकीलाही सुचलं नाही. मी मात्र झाड होऊन गप्प उभी राहायचे. आता या वयात गप्प राहणं जमत नाही.

म्हणून सोमवारी इथे कळमनुरीत मिना डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, जाड बाईचं बाळ दिसतच नाही का? त्या हसल्या. "दिसतं की. घाई केली तर नाही दिसत. झोपा बरं जरा." मी आपली चढले टेबलावर, ते बिचारं करकरलं! पोटाची घडी टॉवेलनं वर ओढून धरायची आणि खालून बघायचं, नाहीतर कुशीवर वळवून बेंबीजवळून, हे त्यांनी मला झोपवूनच दाखवलं. बाळ पाठ करून असेल तर बाईला जरा फिरवून आणायचं. काही वेळा थोडं धूसर राहतं, हेही त्यांनी लपवलं नाही. मग दोन आठवड्यांनी परत बोलवायचं. पण बाईला हिणवायचं कशाला?

हे सगळं भेटीतही सांगता आलं असतं. पण काल तुझ्या सासूबाईंचा, गोजरबाईंचा फोन आला. रडतच म्हणाल्या, "विहीणबाई, पोरगी चार दिस झाले अर्धीच भाकर खाऊन राहिली. म्हणती, पोट उतरलं की लेकराचं काळीज दिसंल." दीक्षा, हे काय गं? बाळ दिसावं म्हणून बाळालाच उपाशी ठेवतेस? कुणा एकाला नीट बघता आलं नाही, म्हणून तू कमी व्हायचं नाहीस. गुरुवारी सकाळची मिना डॉक्टरांची वेळ घेतलीय. टॉवेल मी धरीन, आणि कुणी हसलंच तर त्याच्याशी मी बघून घेईन. तू फक्त घरून पोटभर जेवून ये.

तुझ्याच अंगलटीची, तुझीच
ज्योतीआत्या