आईसारखी मान डोलावली

तीर्थरूप आईला,
धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. फोनवर तू नुसतं "हो, हो" करतेस आणि तुला काही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले.

यंदा सुट्टीत माझं येणं होणार नाही. रागावू नकोस, चूक माझीच. लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करत होते, तेवढ्यात सुपरवायझर बाईंनी शेजारी येऊन काहीतरी विचारलं. मी हसून मान डोलावली, अगदी तुझ्यासारखी. दुसऱ्या दिवशी कळलं, माझी सुट्टी मी दुसरीला देऊन टाकली होती! ऐकू आलं नव्हतं म्हणावं, तर कामच जायचं.

मशिनांच्या आवाजाने होत असेल, अशी मनाची समजूत घालते. पण खोलीत कुठे मशीन आहे? तिथेही दारावरची थाप ऐकू येत नाही. आजीचे कान चाळिशीत गेले, तुझे पस्तिशीत. मला तर अजून तिशीही लागली नाही गं.

तुझे गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र डब्यात ठेवू नकोस, लावत जा.

एक कर. दादाची छकुली खेळात रमली असेल तेव्हा मागून हळूच हाक मार. वळली, तर लगेच कळव. नाही वळली, तर पत्रात फक्त गुडघ्यांचंच लिही.

तुझीच,
धाकटी