संगीताच्या बाईंचं गाळलेलं नाव

१९ जानेवारी

प्रिय ताई,

दोन महिने पत्र नाही, रागावू नकोस. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या सरकारी हायस्कूलचा पन्नास वर्षांचा इतिहास मी लिहिते आहे. मैदान, प्रयोगशाळा, सगळं आलं. माझ्या वाचन मंडळाला अख्खं पान दिलं, वाद्यवृंदाला एक ओळ. तो उभा करणाऱ्या संगीताच्या बाईंचं नाव गाळलं. जागा नव्हती म्हणून, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मुलं त्यांच्याभोवती घोळका करतात आणि माझ्या मंडळात तिघीच उरल्यात.

आज त्यांनीच मजकूर वाचला. म्हणाल्या, "अहो, तुमच्या मंडळाला एकच पान? अजून लिहा की!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. तरी जळफळाट गेलेला नाही.

तुझी धाकटी

उद्या: छापखान्यात जाऊन बाईंचं नाव घालणे.