गार्डला चालेल असं काहीतरी

मालेगाव (जहाँगीर), जि. वाशीम
रविवार, ६ एप्रिल २०२५

चि. उत्कर्ष,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे ठीक. उन्हाचं काही लिहीत नाही, नागपुरात राहणाऱ्या माणसाला ऊन सांगू नये. तुझ्या सपनाचा गुडघा आता वाकत असेल असं धरून चालते.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू भराभर विचारतोस, मी भराभर उत्तरं देते, आणि फोन ठेवल्यावर वाटतं, ही उत्तरं दिली कोणी? कागदावर निदान अक्षर माझंच दिसेल.

मागच्या रविवारी तू विचारलंस, "ताई, कुत्र्याले अपाय होनार नाही असं काय टाकलं आता झाडाखाली?" कृषीची पदवी घेऊन बँकेत बसलेल्या भावाने शाळेतल्या मराठीच्या बाईला हे विचारावं, यात देशाची प्रगती आहे. तरी सांगते. दोन लिंबू आणि एक डाळिंब. आळी झाकली नाहीत तर सकाळचं पाणी दुपारपर्यंत राहत नाही, म्हणून काहीतरी पसरणं भाग.

आधी काळा मल्चिंग पेपर आणला. तो दुपारी तव्यासारखा तापतो. गार्डने पंजा ठेवला आणि असा उडाला की बाबांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून त्या पेपरच्या चिंध्या केल्या. मग गव्हाचा भुसा. त्यातली कुसळं गार्डच्या बोटांमध्ये शिरली, आणि चिमटा घेऊन मी बसले तेव्हा बाबांनीही स्वतःचा तळपाय पुढे केला. त्यांच्याही पायात चार होती. नारळाच्या शेंड्या नकोत, गार्ड चघळून गिळतो. तू फोनवर फोटो पाठवलेली ती कोकोच्या टरफलांची पिशवी तर मुळीच नको. वास चॉकलेटचा, आणि कुत्र्याला विष. आपल्या मालेगावात कुत्र्याला मारायलासुद्धा परदेशी माल मागवायचा म्हणजे कमाल झाली.

शेवटी सोयाबीनचा भुसा, आपलं कुटार. किन्हीराजा गावच्या गोविंदसिंगांकडचं. शेवटची फवारणी कधी केली, हे मी इतक्या वेळा विचारलं की ते म्हणाले, "बाई, हे तुमी झाडाखाली टाकून राह्यल्या की ताटात वाढून राह्यल्या?"

मी हसले. पैसे मोजून दिले.

आता दुपारी काय होतं ते सांगते, कारण ते फोनवर सांगता येत नाही. शाळेतून येते तेव्हा फाटकातून आधी फक्त धूळ दिसते, सोनेरी, तरंगत असलेली. मग धुळीत बाबा दिसतात. लिंबाखाली बसून ओंजळ ओंजळ कुटार वर उचलतात आणि हळूच सोडतात. उफणत असतात. दाणा एकही नाही, पण ते खाली निरखून पाहतात आणि समाधानाने मान हलवतात. गार्ड त्या पिवळ्या पावसात डोळे मिटून पडलेला. मध्येच शिंकतो. बाबा म्हणतात, "थांब रे, वारा पडला." आणि खरोखर थांबतात, दोघंही, वारा येईपर्यंत. मी पण थांबते, चपला हातात घेऊन. कोणतं साल चालू आहे ते मला त्या वेळी नक्की सांगता येत नाही. जऊळक्याच्या स्टेशनावर त्यांनी तीस वर्षं गँगमनची नोकरी केली, ती सगळी गळून गेली. तिच्यातलं एवढं कुत्र्याचं नावच उरलं. नोकरीच्या आधीचं, लोकांच्या खळ्यावर राबणारं पोर मात्र रोज दुपारी परत येतं.

तुला वाटेल, ताई बाबांना घरी ठेवण्यासाठी रंगवून सांगते आहे. तसंच आहे. आपला करार मला पाठ आहे: जानेवारीपासून जयंतीपर्यंत काही विपरीत घडलं नाही तर बाबा माझ्याकडे. घडलं, तर चौदा एप्रिलला येऊन तू त्यांना नागपूरच्या त्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात नेणार. आठ दिवस राहिलेत. तू फोनवर म्हणालास, "ताई, तू जिंकलीस असं दिसते."

इथपर्यंत लिहून उठले होते. बाबांना भरवलं, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

तुला मी सांगितलं होतं की धुळवडीनंतर गार्ड आजारी पडला. तो का पडला, ते सांगितलं नाही. आळ्यात मुळं कुरतडणारी उधई दिसली म्हणून मी एरंडीची पेंड आणली होती. दुकानदार प्रेमसिंग पिशवी बांधताना म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात जहर राह्यते. जनावराले तोंड लावू देऊ नका." मी म्हणाले, "आमचं जनावर शिकलेलं आहे." माझी जीभ तुला माहीत आहे. घरी येऊन पेंड पसरली, वरून पाला टाकला आणि शाळेत गेले.

दुपारी शेजारच्या, बाबांवर नजर ठेवणाऱ्या रुख्मिणीकाकूंचा फोन आला, "रत्ना, लवकर ये वं, कुत्रं ओकून राह्यलं." पोचले तेव्हा गार्डने आळं उकरून ठेवलं होतं. बाबा त्याच्याजवळ मांडी घालून बसले होते. त्यांच्या मिशीला पेंड लागलेली होती.

पेंड गार्डने एकट्याने खाल्ली नव्हती, उत्कर्ष.

"बाबा, हे काय केलं?" मी ओरडले. ते म्हणाले, "शेंगदान्याची ढेप हाय. मालक गेला वावरात. आमी दोघांनी वाटून खाल्ली." आणि मुठीत उरलेली माझ्यापुढे केली. "घे. भुकेत ग्वाड लागते."

खळ्यावर असताना ते मालकाच्या बैलांची ढेप, शेंगदाण्याची पेंड, चोरून खायचे, हे आपल्याला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. साठ-पासष्ट वर्षं गप्प बसले. आणि मी त्यांच्या पुढ्यात नेमकी ढेपेसारखी दिसणारी वस्तू पसरून, दारातून हात हलवून गेले होते.

दोन रात्री ते दवाखान्यात होते. सलाईन, उलट्या, रक्त. तुझे फोन आले तेव्हा मी "बाबा झोपलेत" म्हणाले. त्यातला एक फोन मी दवाखान्याच्या जिन्यात घेतला आणि तुला गार्डच्या पोटाची हकिकत सांगत राहिले. गार्डच्या नावावर मी तुला जे जे सांगितलं, ते अर्धं बाबांचं होतं.

दुसऱ्या सकाळी ते जरा सावरले. मी पायाशी रडत होते. मला बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "पोरी, कोनाकडे आली तू कामाले?"

मी बाबांचंच नाव सांगितलं, "इंद्रभानकडे."

"मंग रडतं काहून? जेवून जाय. तो कोनाले उपाशी धाडत नाही."

आता दोघं बरे आहेत. पेंड घरात उरली नाही. कुटार मी रोज चाळते, आणि पसरायच्या आधी चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकून पाहते. हस. पण दुपारी मी शाळेत असते, काकूंना डुलकी लागते, आणि त्यांची भूक मला न विचारता कुठल्याही साली जाऊन येते. हे मी आठ दिवस दडवलं असतं तर बाबा माझ्याकडे राहिले असते. पण मग पुढच्या वेळीही मी तुला "झोपलेत" एवढंच म्हणाले असते.

ये. सकाळी नको, दुपारी ये. आधी लिंबाखाली त्यांच्याजवळ तासभर बस, मग ठरव. नेलंस तर भांडणार नाही. त्यांचे कपडे धुऊन, घड्या करून खाटेवर ठेवलेत. पिशवीत घातलेले नाहीत. तेवढं माझ्या हातून करवून घेऊ नकोस. भरायचे असतील तर तू भर.

शब्द न पाळलेली, तरी तुझीच,
रत्नाताई