बाप्तिस्मा कुणी दिला?

बाबा, गेल्या रविवारी दादरला एका बाळाचा बाप्तिस्मा पाहिला. देणारी पाळक बाई होती. तिशीचीसुद्धा नसेल. तिनं बाळाला सवयीच्या हातानं घेतलं, पाणी घातलं, नाव घेतलं, बाळानं भोकाड पसरलं आणि सगळी मंडळी कौतुकानं हसली. कुणालाही काही वाटलं नाही. माझ्या मात्र तळहातांना दरदरून घाम फुटला. शेजारी बसलेल्या सुनेनं विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "गरम होतंय गं." डोक्यावर पंखे गरगरत होते. घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही मला नीट आठवत नाही, पण तुमच्यावरचा राग मात्र अजून चांगला धडधाकट आहे.

गिरगावातल्या आपल्या त्या दोन खोल्या, देवळाला पाठ लावून उभ्या असलेल्या. आपण चर्चला देऊळच म्हणायचो आणि नव्या शेजाऱ्यांना त्याची मोठी गंमत वाटायची. तुम्ही त्या मंडळीचे पाळक, म्हणून त्या खोल्या आपल्या. तुमचं चाललं होतं ते बरं चाललं होतं. मग मध्य प्रांतातून एक गोरा पाहुणा आठवडाभर आपल्याकडे उतरला. जोडे दाराबाहेर काढायचा, आईनं केलेली सुक्या बोंबलाची चटणी घाम गाळत खायचा आणि जेवणाआधी प्रार्थना म्हणायच्या ऐवजी नुसता डोळे मिटून बसायचा. आईला वाटलं, बिचाऱ्याला मराठी शब्द आठवत नाहीत. तिनं हळूच पहिली ओळ सांगितली. तो हसला आणि परत गप्प बसला. त्याच्या पंथाचे लोक स्वतःला नुसतं 'मित्र' म्हणवतात आणि बाकीचे त्यांना 'थरथरणारे' म्हणून चिडवत आले, असं तुम्ही नंतर सांगितलंत. पाहुणा गेला, पण त्याचं ते गप्प बसणं आपल्या घरात राहून गेलं. तुम्ही त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत सुटलात आणि बुधवारच्या शास्त्रवर्गात त्यांच्याशिवाय दुसरं काही बोलेनासे झालात.

त्या वर्गात मी मागच्या बाकावर आईजवळ बसलेली असते. बारा वर्षांची, पाय लोंबकळत ठेवून. तुम्ही सांगताय की तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात, चांभाराकडे काम शिकलेला एक तरुण गावोगाव फिरून म्हणू लागला, प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश आहे, तो ऐकायला मध्ये पाळक नको, घंटा नको, भाकर नको, पाणी नको. बाप्तिस्मा व्हायचा तो आत होतो. ते लोक कुणासमोर टोपी काढत नसत. न्यायाधीशालासुद्धा 'तू' म्हणत, कारण देवाला आपण तू म्हणतो, तर माणसाला त्याच्याहून वर कशाला चढवायचं? शपथ घेत नसत, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायची सोय ठेवायची. यापायी त्यांनी तुरुंग भरले. हे सांगताना तुमचे कान लाल होत. तुमच्या आजोबांना पाटलापुढे कमरेत वाकून जोहार घालताना तुम्ही पाहिलं होतंत. टोपी न काढणाऱ्यांच्या तुम्ही असे प्रेमात का पडलात, हे मला तेव्हा कुठून कळणार?

त्यांच्यात बायकाही उभ्या राहून उपदेश करत, असं तुम्ही म्हणालात. "आत्म्याला लुगडं-धोतर कळत नाही." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आई नाही हसली. ती तुमच्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, तिला हे आवडलं नाही.

आपले चिटणीसकाका, मंडळीच्या पंचांमधले सगळ्यांत जुने, हे असं ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. "पाळकसाहेब, बायकांनी मंडळीत गप्प बसावं असं बायबलात प्रेषितानं लिहून ठेवलंय. तुमचा तो प्रकाश मोठा की शास्त्र मोठं?"

तुम्ही म्हणालात, "ज्या आत्म्यानं शास्त्र लिहवून घेतलं तोच आपल्यात आहे. तो आधी."

"म्हणजे ज्याला त्याला आपापला आत्मा! उद्या ट्रामचा कंडक्टर घंटी वाजवून म्हणेल, मला प्रकाश झालाय, उतरा सगळे." लोक खो-खो हसले. मग काकांनी आवाज उतरवला. त्यांनीही वाचून ठेवलं होतं. त्या थरथरणाऱ्यांपैकीच एकजण घोड्यावर बसून एका शहरात शिरला होता, पुढे बायका स्तोत्रं गात, जणू येशूच आला. सरकारनं त्याच्या जिभेतून तापलेली सळई आरपार घातली. "कुठला प्रकाश खरा नि कुठला डोक्यात गेलेला, हे कोण ठरवणार? तुम्ही?" तुम्ही म्हणालात, एकत्र गप्प बसून ते ठरवावं लागतं, ते लोकही त्या प्रकरणातूनच हे शिकले. मी मात्र घरी येईस्तोवर जीभ दातांखाली धरून होते.

पुढच्याच रविवारी तुम्ही उपदेशासाठी उभे राहिलात, काहीच बोलला नाहीत आणि खाली येऊन लोकांत बसलात. कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. एका म्हातारीला वाटलं तुम्हाला झटका आला, ती पाण्याचा पेला घेऊन धावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नाताळ उलटल्यावर तुम्ही पंचांना सांगितलंत की यापुढे तुम्ही कुणालाही पाण्याचा बाप्तिस्मा देणार नाही. पंच हादरले. त्यांनी ईस्टरपर्यंत मुदत दिली, विचार बदला नाहीतर खोल्या सोडा. आणि आपल्या घरात तर आठ महिन्यांचं बाळ होतं, ज्याचा बाप्तिस्मा तुम्ही आज करू, उद्या करू म्हणत लांबणीवर टाकला होता.

मग तो गोळीबाराचा आठवडा आला. रस्त्यावर "झालाच पाहिजे"च्या आरोळ्या, मग फाट फाट असे आवाज, मग जी शांतता पसरली तिला तुमच्या शांततेची सर नव्हती. कर्फ्यू लागला. अश्रुधुरामुळे आईनं खिडक्यांना ओली फडकी लावली होती. बाळाला ताप होताच, तो छातीत उतरला. गल्लीतले डॉक्टर चोरून येऊन गेले, औषध देऊन गेले, आणि जाताना त्यांनी आईकडे बघितलं नाही. आईनं ते ओळखलं.

दुपार होती. बाळ आईच्या मांडीवर, श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आई म्हणाली, "अहो, बाप्तिस्मा द्या त्याला."

तुम्ही गुडघ्यांवर बसलात. "त्याच्यात प्रकाश आहेच गं. माझ्या ओंजळभर पाण्यानं तो यायचा नाही, आणि पाणी नाही घातलं म्हणून जायचा नाही."

"जायचा नाही ना? मग घातलं तर काय बिघडतं?"

तुम्ही मग म्हणालात, "माझ्या तोंडून ते खोटं होईल."

"परळच्या पाळकांना बोलवा."

"कर्फ्यू आहे. गोळी घालतील."

आईनं बाळ माझ्या मांडीवर दिलं, उठून माठातलं पाणी तांब्यात घेतलं. तुम्ही वाटेत उभे होतात. आणि माझ्या आईनं, जिनं तुम्हाला अहोशिवाय कधी हाक मारली नव्हती, जी तुमचं ताटसुद्धा दोन्ही हातांनी पुढे करायची, तिनं तुम्हाला म्हटलं, "तू सरक."

बाबा, मी आयुष्यात पुष्कळ काही पाहिलं, पण असा धक्का मला पुन्हा बसला नाही. "पाळक लागत नाही म्हणालास ना? बाईच्या तोंडूनही देव बोलतो म्हणालास ना? मग सरक." तिचा आवाज चढलेला नव्हता. तुम्ही सरकलात. तिनं पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, बाळाचं नाव घेतलं आणि त्याच्या टाळूवर पाणी घातलं. ते माझ्या परकरावर ओघळलं. बाळानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, एवढंच. तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात आणि खरंच थरथरत होतात.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो गेला.

शिवडीच्या कबरस्तानात आपल्या मंडळीची एक रांग होती. माझ्या आधीची, मी कधी न पाहिलेली बहीण तिथे होती. बाळाला तिच्याशेजारी ठेवायचं, एवढंच आई म्हणत होती, दुसरं काहीच नाही. पण त्या रांगेत बाप्तिस्मा झालेल्यांनाच जागा, असा मंडळीचा नियम होता. पोलीस चौकीतून पास काढून चिटणीसकाका आणि आणखी दोघे पंच आले. देवळातल्या पुढच्या बाकावर ती लहानशी पेटी, तिच्याशेजारी आई. काका स्वतः रडत होते. तुमच्याशी कितीही वाद घातले तरी बाळाला त्यांनी खांद्यावर खेळवलं होतं.

"पाळकसाहेब, बाळाचा बाप्तिस्मा झाला होता ना?"

"झाला होता."

काकांनी सुटकेचा श्वास टाकला. "झालं तर. शेवटी तुम्हीच दिला असणार, दुसरं कोण देणार. चला, निघू या, पासाची वेळ टळेल." कुणी दिला हे त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. तुम्ही नुसतं गप्प राहिला असतात तरी चाललं असतं. गप्प राहण्यात तर तुमचा हातखंडा!

तुम्ही म्हणालात, "मी नाही दिला."

"मग कुणी दिला? कर्फ्यूत आलं कोण?"

"पाळकीणबाईंनी."

आपल्याकडे पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. मंडळीतल्या कुणाही बाईला आईविषयी विचारायचं तर ती हाच शब्द वापरायची. मास्तराची बायको मास्तरीण, तसं. पण शाळेत शिकवणारी बाईही मास्तरीणच असते, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकांच्याही नसावं. "अहो, पाळकीणबाई म्हणजे... तुमच्या घरातून?"

"या मंडळीच्या पाळकीणबाई," तुम्ही म्हणालात. "पाळकाचं काम त्यांनी केलं. मी बाजूला उभा होतो."

"पण तुमचा तर पाण्यावर विश्वासच नाही!"

"माझा नाही. त्यांचा आहे. बाप्तिस्मा झालाय."

दुसरे पंच म्हणाले, शास्त्रावर हात ठेवून सांगा की तुम्ही हजर होतात, निदान तेवढ्यावर बघू. तुम्ही हात पुढे केला नाहीत. सांगितलंय ते सांगितलंय, म्हणालात. काकांनी तोंड झाकून घेतलं. बाळाला रांगेत जागा मिळाली नाही. कबरस्तानाच्या भिंतीपाशी, जिथून गोदामांची छपरं दिसतात, तिथे त्याला ठेवलं. पेटी अर्धी वाट काकांनीच उचलली, अनवाणी.

परतल्यावर आईनं चूल पेटवली नाही. "मी दिला म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. पुन्हा 'तुम्ही'वर आली होती. "मला कुठे पाळक व्हायचं होतं? मला त्याला ताईशेजारी ठेवायचं होतं." तुम्ही म्हणालात, "तुझं केलेलं मी माझ्या नावावर कसं घेऊ?" ती म्हणाली, "घ्यायचं होतं. पोरासाठी घ्यायचं होतं." यावर मी आयुष्यभर विचार केला आणि प्रत्येक वेळी तिच्या बाजूनं निकाल दिला. आजही देते. तुम्ही दोनदा तत्त्व धरून बसलात आणि दोन्ही वेळा किंमत त्यानं मोजली, ज्याला बोलताही येत नव्हतं.

ईस्टरच्या आधी आपण परळला एका खोलीत आलो. तुम्ही शाळेत शिकवू लागलात. रविवारी आई देवळात जायची आणि तुम्ही खुर्चीत तास तासभर गप्प बसायचात. ती तुम्हाला जेवू घालायची, दुखण्याखुपण्यात पाय चेपायची, पण शिवडीला जाताना तुम्हाला बरोबर नेत नसे. राज्य झालं तेव्हा सगळं परळ दिव्यांनी उजळलं होतं, लोक पेढे वाटत होते. आईनं हातातल्या पेढ्याकडे बघत विचारलं, "आता तरी कर्फ्यू लागणार नाही ना?" तुम्ही उठून बाहेर गेलात.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. रागाचं सगळं लिहून झालंय, आणि तो खरा आहे. पण एक राहिलं. तुम्ही "या मंडळीच्या पाळकीणबाई" म्हणालात तेव्हा सगळे तुमच्याकडे बघत होते, आणि मी आईकडे. ती मान खाली घालून पेटीच्या झाकणावरून हात फिरवत होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबा, तो दुःखाचा नव्हता. माझा भाऊ समोर पेटीत होता, आई उद्ध्वस्त झाली होती, आणि मी, तिची मुलगी, त्या घटकेला अभिमानानं फुलून गेले होते. मग माझीच मला इतकी भीती वाटली की मी मोठ्यानं रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, भावासाठी रडतेय. आईनं मला जवळ घेतलं.