चार सेकंदांची जागा

सोमवार, ३

आले एकदाची! खोली झकास आहे. खाली बंद पडलेलं चष्म्याचं दुकान, वर मी, दोन टेबलं, एक जुना व्हिडिओ प्लेयर आणि खोकाभर कॅसेटी. घरं रिकामी करताना लोकांनी टाकून दिलेल्या: लग्नं, सहली, वाढदिवस. महिनाभर इथे राहून त्यांचे तुकडे कापायचे, एकमेकांना जोडायचे आणि जे काही होईल ते कलासंस्थेच्या दालनात दाखवायचं. इथला अर्ज ताईनेच परस्पर भरला. मी आपली तीन वर्षं भरते, भरते म्हणत बसले होते. रोज चार वाजता फोन करायचा ही तिची अट, आणि आमच्या घरात आईबाबांपेक्षा तिचाच धाक जास्त. चावी द्यायला आलेल्या बाईंनी खिडकीची कडी कशी लावायची ते तीनदा दाखवलं. एवढी बावळट दिसते का मी?

गुरुवार, ६

प्लेयरने दोन टेपा खाल्ल्या. अर्धा दिवस कापूस आणि स्पिरिट घेऊन त्याचं टेप वाचणारं हेड पुसण्यात गेला. त्यात ही करड्या स्वेटरची बाई! लग्नात कोपऱ्यात पाठमोरी, नदीकाठच्या सहलीत पाठमोरी, शाळेच्या संमेलनातही तशीच. कुटुंबं तीन, बाई एकच. ताई म्हणाली, शूटिंगवाल्याची बायको असेल. असेना का, माझी प्रत्येक फ्रेम नासवते त्याचं काय? सगळीकडून कापून टाकली. कापताना मला कधी धाकधूक वाटत नाही. आपण कापतो ती लॅपटॉपवरची प्रत, मूळ टेप खोक्यात शाबूत.

रविवार, ९

वैताग नुसता! गुरुवारी कापलेली बाई आज पुन्हा जागच्या जागी. सेव्ह करायला विसरले असणार म्हणून स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि पुन्हा कापली. जेवून येऊन बघते तर पुन्हा हजर. आता किंचित वळलीय, एक गाल दिसतो. ताईला सांगितलं तर म्हणाली, झोप काढ जरा. माझ्या कामाचा विचका होतोय आणि हिला माझ्या झोपेची पडलीय.

मंगळवार, ११

संस्थेच्या मॅडम कच्चं काम बघून गेल्या. मधेच भोक पडलंय म्हणाल्या. पडलंच आहे. बाईला कापलं की ती परत येईपर्यंत तिथे चार सेकंद पडदा काळा. दिवसभर लोकांचे शंभर तुकडे लावून पाहिले, एक धड बसेल तर शपथ. डोकं फिरायची पाळी आली. शेवटी आमच्या घरची कॅसेट काढली, ताईने सोबतीला दिलेली. ताई मला सायकल शिकवतेय, सीट धरून मागे धावतेय. लोकांच्या टेपांत आपलं घर मिसळायचं नाही, असं एडिटिंग शिकवणारे आमचे सर बजावायचे. का, ते मात्र कधी सांगितलं नाही. तुकडा नेमका चार सेकंदांचा निघाला, चपखल बसला. आणि ती बाई सगळीकडून गेली. सुटले बाई.

बुधवार, १२

चार वाजता ताईचा फोन लागेना. असा नंबरच नाही म्हणे. आईला लावला. आईने विचारलं, कोण ताई? तू एकुलती एक. असली कसली थट्टा म्हणून मी आईवर ओरडले. तिने घाबरून फोन बाबांकडे दिला. नीट जेवतेस ना, एवढंच बाबांनी विचारलं.

घरची कॅसेट लावली. प्रत नाही, मूळ. माझ्या सायकलमागे करड्या स्वेटरची बाई धावतेय. चेहरा पूर्ण दिसतो. हसतेय.

गुरुवार, १३

सापडली. लग्नाच्या टेपमध्ये, त्याच कोपऱ्यात, ताई. लहानपणची नाही, आजची, चष्म्यासकट. सहलीतही. संमेलनातही. कुणाच्या खांद्याला हात लावते, कुणी बघत नाही. मग वळून माझ्याकडे — आवाज नाही, पण ती मला बोलावतेय हे कळायला आवाज कशाला हवा?

तिचा तुकडा काढून पाहिला. जागा काळी झाली आणि ताई कडेने पुसट — पुन्हा लावला.  भयंकर भीती वाटतेय मला.

शुक्रवार, १४

कळलं. ती जागा रिकामी राहत नाही. तिथे कुणीतरी लागतंच.

लागतं ना? घ्या. खुर्चीत बसून स्वतःलाच शूट केलं, चार सेकंद. माझं काय जाणार, प्रतच ती. ताईचा तुकडा काढला, तिथे माझा — बसला.

सगळ्या टेपा पाहिल्या. ताई कुठेच नाही. काळंही नाही.

चार वाजले. घरी फोन —

ताईने उचलला! ताईने! मला रडूच आवरेना, बोलताच येईना. ती आईला म्हणाली, कुणी बाई रडतायत बघ. आईने घेतला. आपण कोण बोलताय, असं विचारलं.

आपण. मला.

मी म्हणाले, आई, मी — मी तुझी धा