सांगलीत हरल्यावर

कोल्हापूर, मंगळवार

आये,
तुका नमस्कार. मी बरी आसंय, वेळेवर जेवते. बाबांचो खोकलो गेलो काय?

शनिवारी आमच्या कॉलेजच्या मुली सांगलीत बास्केटबॉलचा सामना दोन गुणांनी हरल्या. तिथल्या पोरांनी त्यांना फार हिणवलं. परत आल्यावर मेसमध्ये सगळे म्हणू लागले, "कप्तान संचिताला काढा, कोच मॅडमनाही काढा."

मी म्हटलं, "सुजलेल्या पायाने ती शेवटपर्यंत खेळली. तुम्ही तर सामना बघायलाही आला नव्हतात."

तेव्हापासून माझ्याशी कोणी बोलत नाही. काल संचिता लंगडत माझ्या टेबलाशी आली. ती आपल्या वैभववाडीची.

"ह्या शनिवारी साताऱ्याक मॅच आसा, येतलंस?"

"एकटी आसलंय तरी येतलंय."

रविवारी फोनवर माझा आवाज बसलेला असेल. घाबरू नको.

तुझी,
हेमांगी