आम्ही रोज असंच पुसतो

ती. अक्कास,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की नुसती बाटली जपून ठेवलीस?

परवा कारखान्यात माझ्या मशीनवरच्या जोडीदाराचा, आमच्या लंबूचा, हात चालू मशीन पुसताना रोलरमध्ये गेला. जीव वाचला, बोटं गेली.

आमच्या खात्यात इंग्रजी मलाच येतं, तेही स्वतःच शिकलेलं, म्हणून अपघाताचा जबाब मी लिहायचा. साहेब म्हणाले, "तो पुसत होता, एवढंच लिही. जास्त मास्तरकी नको." अक्का, इंग्रजीतही इथेच मेख आहे. 'पुसत होता' म्हटलं की त्या क्षणापुरती गोष्ट. लंबूचीच चूक, कंपनी हात झटकून मोकळी. 'पुसतो' म्हटलं की रोजची रीत. माल खोळंबू नये म्हणून आम्ही सगळेच मशीन न थांबवता पुसतो.

मी लिहिलं, "आम्ही रोज असंच पुसतो." खाली सही केली. साहेबांनी माझा गेटपास काढून घेतला, म्हणजे काम गेलं. आईला एवढंच सांग, सुट्टीवर येतोय.

एक गोष्ट मात्र जबाबात लिहायला माझा हात धजला नाही. लंबूला तसं पुसायला मीच शिकवलं होतं.

तुझा धाकटा